खात्रीचं माणूस पाहिजे

वहिनी स्टुलावरून पडल्या त्याला स्टूल जबाबदार, असं भाऊसाहेबांचं मत होतं. आणि भाऊसाहेब जबाबदार, असं वहिनींचं. पंख्याची पाती पुसायचं काम भाऊसाहेबांनी स्वतःकडे घेतलं होतं, 'करतो' म्हणून सांगितलंही होतं. पण त्यांच्या 'करतो'चा अर्थ काय होतो हे वहिनींना लग्नानंतर लवकरच कळलं होतं, म्हणून त्या स्वतःच चढल्या. तिसरं पातं पुसून होताना स्टूल सरकलं आणि उजवं मनगट मोडलं. हाडांच्या डॉक्टरांनी प्लास्टर घालता घालता सहज विचारलं, आपण काय करता. व्हायोलिन शिकवते, असं वहिनींनी सांगितल्यावर डॉक्टरांचे हात थांबले. ते भाऊसाहेबांकडे वळले.

"प्लास्टर निघेपर्यंत आणि निघाल्यावरही बरेच दिवस या हाताने बादली नाही, झाडू नाही, ओलं फडकं पिळणं तर अजिबात नाही. हाड वाकडं जुळलं तर व्हायोलिनचा गज पुन्हा नीट धरता येणार नाही. हे मी यांना नाही, तुम्हाला सांगतोय."

भाऊसाहेब हे काही त्यांचं नाव नव्हे. पण इमारतीत सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणत आणि त्याच नात्याने त्यांच्या बायकोला वहिनी, म्हणून आपणही तसंच म्हणू. ते विमा कंपनीत होते. कुणाचं दुकान जळलं, कुणाच्या गोदामात पाणी शिरलं, की भाऊसाहेब तिथे जायचे, आजूबाजूच्या चार लोकांना चार प्रश्न विचारायचे आणि खरं काय ते लिहून द्यायचे. माणसाने तोंड उघडलं की त्यातलं खरं किती आणि खोटं किती हे आपल्याला वासावरून कळतं, अशी त्यांची समजूत होती. ऑफिसात या बाबतीत त्यांना मान होता. घरात तो अजून मिळायचा होता, कारण फळवाल्याच्या शब्दावर विश्वास ठेवून त्यांनी आणलेलं कलिंगड आजवर एकदाही गोड निघालं नव्हतं.

त्या घरात केर-फरशीला बाई कधी नव्हती, याचं कारण वहिनींची नजर. कोचावर बसल्या बसल्या त्यांना कपाटाखालची धूळ दिसायची, आणि दुसऱ्याने काढलेला केर त्यांच्या मते केर काढल्यासारखा नसायचा. प्लास्टर ओलं असतानाच त्या डाव्या हाताने खिडकी पुसताना सापडल्या. मग फडकं पायाने ढकलत स्वयंपाकघरभर फिरताना सापडल्या. दोन्ही वेळा भाऊसाहेबांनी फडकं काढून घेतलं, आणि आता घेतलंच आहे तर म्हणून स्वतः कामाला लागले. पंखा चालू ठेवून केर काढत नाहीत, ही गोष्ट त्यांना आजवर कुणी सांगितली नव्हती. फरशी पुसताना त्यांनी दारापासून सुरुवात केली आणि मागे मागे सरकत शेवटी खिडकीच्या कोपऱ्यात जाऊन अडकले. फरशी वाळेपर्यंत तिथे उभ्या उभ्या त्यांनी ठरवलं, की बाई शोधायची.

शहर एवढं मोठं, माणसांना काही तोटा नव्हता. पण भाऊसाहेबांना नुसतं माणूस नको होतं, खात्रीचं माणूस पाहिजे होतं. ज्याच्या हातात घराची किल्ली द्यायची ते माणूस पारखून घ्यायला नको का? आणि पारखायचं कसं, हे भाऊसाहेबांना दुसऱ्याने शिकवायची गरज नव्हती. दाव्याची चौकशी करायची तर आधी शेजारी गाठावेत, हा त्यांचा नोकरीतला रिवाज. तेव्हा एका सुट्टीच्या दिवशी स्वच्छ दाढी करून ते इमारतीत दारोदार हिंडले आणि प्रत्येक दारात एकच प्रश्न विचारला: तुमची बाई कशी आहे हो?

उत्तरं ऐकून त्यांच्या अंगावर काटा आला. पहिल्या मजल्यावरच्या बाईला म्हणे कपबशी दिली की परत फक्त बशी यायची. दुसऱ्या मजल्यावरची केर काढायची, पण तो कोचाखाली साठवून ठेवायची. तिसऱ्या मजल्यावरच्या गृहस्थांनी तर नुसते हात जोडले आणि विषय काढू नका म्हणाले. सल्ले मात्र प्रत्येकाने दिले. बोलकी बाई ठेवू नका, घरातलं बाहेर जातं; अबोल तर मुळीच ठेवू नका, मनात काय आहे कळत नाही. तरुण ठेवू नका, लग्न करून निघून जाते. वयस्कर ठेवू नका, वाकता येत नाही. सगळे सल्ले पाळले असते तर शहरात एकच बाई उरली असती, आणि तीही अजून जन्माला यायची होती.

सगळ्यांत वाईट वर्णन केलं ते वरच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी. आपलं दार त्यांनी अर्धंच उघडलं आणि आवाज खाली आणून सांगितलं, की आमची ताई उशिरा येते, उलट बोलते, आणि काचेच्या सामानाला तर मी तिला हात लावू देत नाही. तुमच्यासारख्या सज्जन माणसाने तिच्या वाटेला जाऊ नये. अर्ध्या दारातून भाऊसाहेबांना आतली फरशी दिसली. तिच्यात टेबलाचे पाय उलटे दिसत होते. एवढ्या वाईट बाईच्या तावडीत सापडूनही यांनी घर किती चकचकीत ठेवलंय, याचं त्यांना मनापासून कौतुक वाटलं.

चांगलं बोलणारं सबंध इमारतीत एकच माणूस भेटलं, ते म्हणजे तळमजल्यावरचे प्राध्यापक. ते दार उघडायला आले तेव्हा त्यांच्या बाह्या कोपरापर्यंत वर होत्या, हात ओले होते आणि केसांत जळमट अडकलेलं होतं. आमच्या मावशी म्हणजे देवमाणूस, असं त्यांनी सांगितलं. घरच्यासारख्या वावरतात, कधी कुणाला दुखवत नाहीत. मग वहिनींच्या हाताबद्दल ऐकून ते भरल्या गळ्याने म्हणाले, की तुमची अडचण मोठी आहे, मी माझं बघेन, मावशींना तुम्ही घेऊन जा. भाऊसाहेबांचेही डोळे ओलावले. शहरात माणुसकी उरली नाही म्हणणाऱ्यांना इथे आणून उभं करावं, असं त्यांना वाटलं.

आता मावशींचा पास. इमारतीच्या नियमाप्रमाणे कामाला येणाऱ्या प्रत्येकाचा पास लागतो आणि तो सेक्रेटरी देतात. सेक्रेटरींनी सांगितलं, की मावशींची माहिती आमच्याकडे आहे. त्यांच्याबद्दल काही प्रश्न नाही. प्रश्न काम देणाऱ्याचा आहे. तो भला माणूस असल्याबद्दल दोन रहिवाशांनी लिहून दिलं पाहिजे. भाऊसाहेबांनी हसून विचारलं, की तुम्ही मला रोज लिफ्टमध्ये भेटता, तुम्हाला मी माहीत नाही का? सेक्रेटरी म्हणाले, मला वैयक्तिक माहीत आहात, कार्यालयाला माहीत नाही. मग भाऊसाहेब आपला भलेपणा लिहून घ्यायला निघाले. प्राध्यापकांनी कागद न वाचताच सही केली, आणि आणखी कुठे करायची आहे का म्हणून मागेही बघितलं. दुसरी सही डॉक्टरीणबाईंची. त्यांनी बराच वेळ विचार केला. मी यांचे फक्त दात पाहिले आहेत, असं म्हणून त्यांनी लिहून दिलं: 'दात व्यवस्थित. बाकी माहिती नाही.' कार्यालयाला ते चाललं. आयुष्यभर लोकांचं खरं-खोटं ठरवणाऱ्या माणसाची शहानिशा अशी दाढांवरून झाली, हे भाऊसाहेबांच्या मनाला फार लागलं.

मावशी आल्या. मावशींबद्दल प्राध्यापकांनी जे सांगितलं होतं त्यात एक अक्षर खोटं नव्हतं, हे मुद्दाम सांगितलं पाहिजे. त्या खरोखरच घरच्यासारख्या वावरल्या. आल्या आल्या खिडकीजवळच्या खुर्चीत बसल्या, चहा घेतला आणि वहिनींच्या हाताबद्दल इतक्या कळवळ्याने विचारलं, की वहिनींना स्वतःलाही हात जास्त दुखतोय असं वाटू लागलं. मग मावशींनी झाडू हातात घेतला आणि त्यांना शिंक आली. त्यांना धुळीचा त्रास होता. फडकं घेतलं तर पाण्याने बोटं आखडायची. स्टुलावर चढायचा तर प्रश्नच नव्हता, त्या घरात स्टुलाकडे बघूनही कुणाला चढायची इच्छा होत नसे. तेव्हा भाऊसाहेब म्हणाले, मावशी, तुम्ही बसा, एवढं एक मी करतो. एवढं एक झाल्यावर मावशींनी खुर्चीतूनच दुसरं दाखवलं. त्या कोपऱ्यात राहिलंय बघा, बाळा. भाऊसाहेबांना बाळा म्हणणारं माणूस जगात उरलं नव्हतं, त्यामुळे ते मुकाट्याने कोपऱ्यात शिरले.

रोज ऑफिसला जाण्याआधी भाऊसाहेब केर काढत, फरशी पुसत, आणि मावशी त्यांना आपल्या भाच्याच्या लग्नाची हकीकत सांगत. हकीकत लांबलचक होती आणि चांगली होती. मुलीकडच्यांनी ऐन वेळी काय केलं हे ऐकण्यासाठी एकदा तर त्यांनी फरशी दोनदा पुसली. तळमजल्यावरचे प्राध्यापक शीळ घालत फाटकातून येता-जाताना दिसू लागले. वहिनींना सगळं दिसत होतं. भाऊसाहेब पुसतात त्या फरशीवरचे पट्टेही दिसत होते, आणि भाऊसाहेब एकदा घराबाहेर पडले की त्या पट्ट्यांवर डाव्या हाताने फडकं फिरवताना त्यांच्या उजव्या खांद्यातून कळ निघत होती. पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी प्लास्टरवर बोट टेकवून विचारलं, की हा हात कामाला लावताय का. वहिनी नाही म्हणाल्या. भाऊसाहेबांना त्यातलं खोटं ताबडतोब कळलं. आयुष्यात पहिल्यांदाच कळलं, आणि त्यांचा जीव घाबरला.

मावशींना नको म्हणायचं कसं, हा प्रश्न होता. बाळा म्हणणाऱ्या बाईला कामावरून काढायला जे काळीज लागतं ते भाऊसाहेबांकडे नव्हतं. सुटका अचानक झाली. लिफ्टमध्ये सेक्रेटरी भेटले आणि म्हणाले, की आमची बाई काम सोडून गेली, हैराण झालोय; तुमच्या मावशी कशा आहेत हो? भाऊसाहेबांनी तोंड उघडलं आणि आतून कुणी दुसरंच बोलावं तसे शब्द आले. देवमाणूस आहेत, ते म्हणाले. घरच्यासारख्या वावरतात. तुमची अडचण मोठी आहे, मी माझं बघेन. लिफ्ट थांबेपर्यंत मावशी सेक्रेटरींकडे गेल्या होत्या.

घरी येऊन त्यांनी वहिनींना हे सगळं सांगितलं, अर्थात जरा मान खाली घालून. वहिनी आधी हसल्या. हसता हसता प्लास्टरचा हात दुसऱ्या हाताने धरून कोचावर बसल्या आणि म्हणाल्या, "आता प्राध्यापक तुम्हाला काय म्हणाले होते ते आठवा. आठवलं? मग डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या होत्या तेही आठवा."

भाऊसाहेबांनी आठवलं. उशिरा येणारी, उलट बोलणारी, सामान फोडणारी ताई डॉक्टरीणबाईंनी इतकी वर्षं कशासाठी ठेवली असेल? आणि अर्ध्या दारातून दिसलेली ती फरशी? म्हणजे सबंध इमारत आपापल्या चांगल्या बाईला वाईट म्हणत होती, दुसऱ्याने पळवू नये म्हणून. आणि जी बाई कुणीतरी न्यावी असं वाटे तिच्याबद्दलच चांगलं बोलत होती. जळलेल्या दुकानांच्या राखेतून सत्य शोधून काढणारे भाऊसाहेब बराच वेळ भिंतीकडे बघत बसले. वहिनींनी त्यांच्यासाठी डाव्या हाताने चहा केला, आणि या वेळी त्यांनी अडवलं नाही.

डॉक्टरीणबाईंना न कळता ताईंना गाठायचं म्हणजे जिन्यात गाठणं आलं. ताई लिफ्ट वापरत नसत. ती येईपर्यंत आपण पोचतो, असं त्यांचं म्हणणं. भाऊसाहेब दोन मजल्यांच्या मधे, पाण्याच्या मीटरजवळ, मीटर वाचत असल्यासारखे उभे राहिले. ताई आल्या तेव्हा त्यांना विचारायचे प्रश्न त्यांनी मनात घोकून ठेवले होते, पण ते तोंडात येण्याआधी ताईंनीच विचारायला सुरुवात केली. घरात माणसं किती, जास्त कोण बोलतं, आणि काम करताना मागे मागे कोण फिरतं? भाऊसाहेबांनी सगळ्यांची खरी उत्तरं दिली. एका घरचे लोक शहर सोडून गेल्यामुळे ताईंचा सकाळचा वेळ रिकामा होता. त्या येऊन घर बघून गेल्या आणि दोनच अटी घातल्या: मी पुसत असताना मागे उभं राहायचं नाही, आणि वाळेपर्यंत फरशीवर कुणी पाय ठेवायचा नाही.

पहिल्या दिवशी काम झाल्यावर वहिनी कोचावरून उठल्या आणि सगळ्या खोल्यांतून सावकाश फिरल्या. भाऊसाहेब श्वास रोखून उभे होते. वहिनी कपाटासमोर वाकल्या, खाली बघितलं, सरळ झाल्या आणि ताईंच्या हातात घराची जादा किल्ली दिली. ज्या खात्रीसाठी भाऊसाहेब मजल्यामजल्यावर वणवण हिंडले होते ती वहिनींना कपाटाखाली सापडली. दुसऱ्या दिवसापासून त्या सकाळी निवांत बसू लागल्या. शिकायला येणारी मुलं पुन्हा येऊ लागली. वहिनी डाव्या हाताने गुडघ्यावर ठेका धरून शिकवू लागल्या. एखादा मुलगा बेसूर वाजवायला लागला की ताई आतल्या खोलीत फडकं पिळायच्या थांबत, सूर जागेवर आला की पुन्हा पिळू लागत.

इथे ही गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण सेक्रेटरी आले. त्यांचे डोळे खोल गेले होते आणि बाह्या कोपरापर्यंत वर होत्या. मावशींबद्दल ते एक शब्द बोलले नाहीत, भाऊसाहेबांनीही काढला नाही. सभ्य माणसं अशा गोष्टी बोलत नाहीत. दारातच उभे राहून त्यांनी आत वाकून बघितलं. फरशीत टेबलाचे पाय उलटे दिसत होते.

"तुमची ही नवी बाई कशी आहे हो?" त्यांनी विचारलं.

भाऊसाहेब आता शहाणे झाले होते. उशिरा येते, ते म्हणाले. उलट बोलते. कपबशी दिली की परत फक्त बशी येते. सेक्रेटरींच्या चेहऱ्यावर विश्वास बसल्याचं चिन्ह दिसेना. त्यांची नजर पुन्हा फरशीवर गेली. तेव्हा भाऊसाहेबांना घाम फुटला. प्लास्टर, डॉक्टरांचा चेहरा, सगळं डोळ्यांपुढे आलं आणि त्या भरात ते म्हणून गेले, "आणि खरं सांगू का, हाताची स्वच्छ नाही. वस्तू जातात घरातल्या."

इमारतीत बायांना सगळी नावं ठेवत, पण हे कुणी म्हणत नसे. सेक्रेटरी दचकून मागे सरकले. त्यांच्या मागे जिन्यात, हातात पाण्याची रिकामी बादली घेऊन, ताई उभ्या होत्या. त्यांनी बादली दाराशी ठेवली आणि जिना उतरून गेल्या.

दुसऱ्या दिवशी ताई आल्या नाहीत. वहिनींना सगळं कळलं तेव्हा त्या हसल्या नाहीत. त्या उठल्या, दाराशी ठेवलेली बादली डाव्या हाताने उचलली आणि नळाखाली धरली. भाऊसाहेब म्हणाले, ठेवा, मी करतो. वहिनींनी बादली ठेवली नाही. "तुम्ही तुमचं काम करा," त्या म्हणाल्या. कोणतं काम, हे विचारायची भाऊसाहेबांना गरज पडली नाही.

सुट्टीचा दिवस होता. खाली फाटकाजवळच्या बाकावर सेक्रेटरी, प्राध्यापक आणि डॉक्टरीणबाई बसून इमारतीच्या गच्चीबद्दल वाद घालत होते. भाऊसाहेब त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले. दुसऱ्यांच्या खोट्यावर त्यांनी आयुष्यात बरंच लिहिलं होतं. स्वतःचं खोटं चारचौघांत मोडून काढायची ही पहिलीच वेळ. काल मी खोटं बोललो, त्यांनी सांगितलं. ताई वेळेवर येतात. त्यांच्या हातून आजवर एक चमचासुद्धा वाकडा झालेला नाही. आमच्या घराची किल्ली त्यांच्याकडे आहे आणि ती तिथे आहे म्हणून मला ऑफिसात निश्चिंत बसता येतं. त्यांच्यासारखं काम करणारं माणूस मी दुसरं बघितलेलं नाही.

चांगल्या बाईला उघडपणे चांगलं म्हणणारा माणूस त्या इमारतीत कुणी बघितला नव्हता. डॉक्टरीणबाईंचे डोळे बारीक झाले. आपल्या ताईंची रिकामी सकाळ कुठे गेली हे त्यांना आत्ता कळत होतं. सेक्रेटरींच्या चेहऱ्यावर तर आशाच उजळली. भाऊसाहेबांना कळून चुकलं, की आपण आपल्या हाताने ताईंना गमावलं. आता त्यांना मजल्यामजल्यावरून बोलावणी येणार. पण मागे घेण्यासारखं आता काही राहिलं नव्हतं.

कामावर येणाऱ्या बायका दुपारी बाकामागेच, गाड्या लावायच्या जागेत, खांबाच्या आडोशाला टेकून बसायच्या. ताईही तिथे होत्या. भाऊसाहेब त्या बाजूला वळले तशी तिथली बडबड बंद झाली. एकीने पिशवी जवळ ओढली. दुसरीने त्यांच्याकडे बघून मान फिरवली. आपण चोर म्हणालो ते सगळीकडे पोचलं, असं समजून भाऊसाहेब शरमेने लाल झाले. तेवढ्यात त्यांच्यातली एक म्हातारी बाई धीर करून म्हणाली, "साहेब, लहान तोंडी मोठा घास घेते. पण त्या वहिनींना पोटभर जेवू द्या हो."

भाऊसाहेबांना यातलं काही कळलं नाही. ताई घाईघाईने उठल्या आणि त्यांच्या पुढे होऊन जिना चढू लागल्या. पाण्याच्या मीटरजवळ थांबून त्या वळल्या.

"उशिरा येते म्हणालात, चाललं असतं. सगळेच म्हणतात. चोर म्हणालात ते लागलं मला. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. पाच घरांच्या किल्ल्या आहेत माझ्याकडे."

"चुकलो," भाऊसाहेब म्हणाले. आणखी बरंच म्हणायचं त्यांनी ठरवलं होतं, पण तेवढंच बाहेर पडलं.

"बाकावर बोललात ते ऐकलं. मी खांबामागेच होते. येते मी कामाला."

भाऊसाहेबांनी सुटकेचा श्वास सोडला. पण आता सगळे तुमच्या मागे लागतील, त्यांनी काळजीने सांगितलं. लागू देत, ताई म्हणाल्या, मला हात दोनच आहेत. मग भाऊसाहेबांनी मनातला प्रश्न विचारला: त्या म्हातारीने असं का म्हटलं? वहिनींच्या जेवणाचं काय?

ताईंनी जिन्याच्या कठड्याकडे बघितलं. त्यावरची धूळ बोटाने पुसली. मग सांगून टाकलं. तुमच्याकडे काम करताना मागे कुणी उभं राहत नाही, त्या म्हणाल्या, वाजवणं ऐकायला मिळतं, फरशी वाळेपर्यंत माणसं पाय वर घेऊन बसतात. अशी जागा खाली कळली तर मी एक दिवस आजारी पडायची खोटी, दुसरी येऊन उभी राहील. म्हणून त्यांनी सांगून ठेवलं होतं, की चौथ्या मजल्यावरचे साहेब भलते खडूस आहेत. भाकरीचा तुकडासुद्धा मोजून देतात. पुसलेल्या फरशीवर हातरुमाल फिरवून बघतात. सकाळ झाली की आरडाओरडा सुरू.

"मी?" भाऊसाहेब म्हणाले. "मी आरडाओरडा करतो?"

"रोज."

मग भाऊसाहेबांना एक शंका आली आणि त्यात थोडी आशाही होती. "आणि वहिनींबद्दल काय सांगितलंत?"

"वहिनींबद्दल वाईट बोलायला जीभ वळेना," ताई म्हणाल्या. "म्हणून त्यांच्या वाटणीचंही तुमच्यावर घातलं."

आपण बाकावर जाऊन बोललेलं मागे घेतलं, तसं ताईंनीही खाली जाऊन घ्यावं, असं भाऊसाहेबांनी बऱ्याच आढेवेढ्यांनी सुचवलं. ताईंनी प्रामाणिकपणे विचार केला आणि नाही म्हणाल्या. तुमचा शब्द माझ्या पोटावर आला असता. माझ्या बोलण्याने तुमचं काय बिघडतंय, असं त्यांनी उलट विचारलं. भाऊसाहेबांनी पुष्कळ शोधलं, पण अब्रूखेरीज बिघडण्यासारखं काही सापडेना, आणि तिची तर दातांवरून शहानिशा होऊन गेली होती. ते ताईंच्या मागून घरी आले. वहिनींनी ताईंच्या हातात बादली दिली आणि दोघी एकमेकींकडे बघून हसल्या. बादली देताना हसण्यासारखं काय असतं ते भाऊसाहेबांना कळलं नाही. पण वहिनींना यातलं बरंच काही आधीपासून माहीत असावं, एवढा वास त्यांना आला.

प्लास्टर निघालं त्या दिवशी डॉक्टरांनी वहिनींचं मनगट सगळ्या बाजूंनी फिरवून बघितलं आणि हाड सरळ जुळलंय म्हणाले. दवाखान्यातून येताना भाऊसाहेबांना आपल्या चेहऱ्यावरचं हसू आवरत नव्हतं. लिफ्टमध्ये कामाच्या दोन बायका आधीच उभ्या होत्या. या दोघांना बघताच त्या कोपऱ्यात सरकल्या. भाऊसाहेब सवयीने त्यांच्याकडे बघून हसणार, एवढ्यात त्यांना आपली जबाबदारी आठवली. त्यांनी भुवया आवळल्या, घसा खाकरला आणि वहिनींकडे वळून जमेल तेवढ्या जरबेने म्हणाले, "घरी गेल्यावर बघतो तुझ्याकडे. एवढा वेळ लागतो का दवाखान्यात?"

वहिनींनी लगेच मान खाली घातली. त्यांचे खांदे हलू लागले. त्या दोघींना वाटलं बिचाऱ्या रडताहेत, आणि त्या पुढच्याच मजल्यावर उतरून गेल्या.

घरी फरशी अजून ओली होती. दोघंही दारातच थांबले. आतून ताईंनी विचारलं, खाली एवढं कोण बोलत होतं? मी, भाऊसाहेब अभिमानाने म्हणाले, आणि काय बोललो तेही सांगितलं. ताईंनी फडकं पिळत पिळत ते ऐकून घेतलं.

"आवाज कमी पडतोय," त्या म्हणाल्या. "उद्या जरा जोर लावा."